नळवाल्याला स्लॅबच्या आधी बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरातल्या नव्या इमारतींच्या जाहिराती मी न चुकता बघतो. फ्लॅट घ्यायचा म्हणून नव्हे, कुठे काम निघतंय ते कळावं म्हणून. मी प्लंबिंगचा ठेकेदार आहे. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड आणि अधूनमधून अक्कलकोट रोडची एमआयडीसी, एवढा माझा पट्टा. वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत फिटर होते, त्यामुळे पाइप आणि पाना घरातच होते. मी आयटीआय करून त्याला सर्टिफिकेट जोडलं, इतकंच.

हल्ली या जाहिरातींत इमारतीचं कंप्युटरवर केलेलं चित्र असतं. पुढे हिरवळ, कारंजं, पोहायचा तलाव. रोज नळ न येणाऱ्या गावात हे बघून मला हसू येतं, पण ते सोडा. साइट ऑफिसात गेलं की तेच मॉडेल मोठ्या टीव्हीवर फिरवून दाखवतात. दार उघडतं, सोफा दिसतो, खिडकीतून सूर्य येतो. त्या अख्ख्या मॉडेलमध्ये एक पाइप नसतो, एक वायर नसते. गिऱ्हाइकाला भुलवायचं मॉडेल आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच कंप्युटरवर दुसऱ्या तऱ्हेचं मॉडेलही होतं. त्यात कॉलम, बीम, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, एसीची हवा नेणारे डक्ट, केबल ट्रे, आग विझवायची फायरची लाइन सगळं खऱ्या मापात एकाच जागी बसवलेलं असतं आणि कोण कुणाच्या पोटात शिरतंय ते बांधायच्या आधी कळतं. बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणतात त्याला. सोलापुरात ते कुणी मागत नाही. का मागत नाही आणि न मागितल्याने काय होतं, हे सांगायला हे पत्र.

आधी आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो. मालक आर्किटेक्टकडे जातो. आर्किटेक्टचा प्लॅन आरसीसी कन्सल्टंटकडे जातो. तो कॉलम-बीम काढून देतो. परवानगी येते, खोदाई होते, स्लॅबचे साचे बांधणारा सेंट्रिंगवाला येतो, स्लॅब पडतो, दुसरा पडतो, वीटकाम चढतं. मग मालकाला आठवतं की यात पाणी आणि वीजही लागणार आहे. तेव्हा मला फोन येतो. त्याच सुमारास वायरमनला, मग एसीवाल्याला, मग फायरवाल्याला आणि शेवटी फॉल्स सीलिंगवाल्याला. प्रत्येकाकडे आपापली शीट असते. माझ्या शीटवर फक्त माझे पाइप, त्याच्या शीटवर फक्त त्याचे डक्ट. चार शीट एकावर एक ठेवून उजेडात धरल्या तरी कुठला पाइप किती उंचीवरून जातो ते दिसत नाही, कारण प्लॅन हा वरून बघितलेला असतो. आणि भांडण कायम उंचीचं असतं.

एका खासगी रुग्णालयाच्या कामाचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही. मजल्याची उंची ११ फूट. कॉरिडॉरवरून जाणारा बीम २ फूट खोल. बीमखाली उरले ९ फूट. डॉक्टरांना फॉल्स सीलिंग ८ फुटांवर हवं होतं, त्याहून खाली आलं तर स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, सगळंच कोंदट वाटतं म्हणून. म्हणजे सगळ्यांना मिळून एक फूट. त्यातले दोन इंच सीलिंगची फ्रेम खाते. राहिले दहा. एसीचा डक्ट आठ इंच उंच, वरून-खालून एकेक इंच इन्सुलेशन, झाले दहा. त्या दहात आता माझी ड्रेनेजची चार इंची लाइन, फायरच्या स्प्रिंकलरची लाइन, केबल ट्रे आणि ऑक्सिजनची तांब्याची लाइन. ऑक्सिजनची लाइन विजेच्या केबलला चिकटवून चालत नाही, ती वेगळी ठेवावी लागते.

यात माझी लाइन सगळ्यात हट्टी. वायर कुठूनही वळते. नळाचं पाणी दाबाखाली असतं, ते वर-खाली कुठेही जातं. संडासची लाइन मात्र उतारानेच चालते. साठ फुटांना एक फूट उतार धरा. तीस फूट लांब लाइन असली की शेवटच्या टोकाला ती सहा इंच खाली आलेली असते. चार इंची पाइप बाहेरून धरला तर साडेचार इंच. म्हणजे एका टोकाला साडेचार इंच जागा लागते आणि दुसऱ्या टोकाला साडेदहा. हे गणित पाचवीतल्या पोराला जमेल. पण ते करायला पाच जण एका टेबलाशी बसायला पाहिजेत आणि त्यातले चौघे तेव्हा कामावर नेमलेलेच नव्हते.

मग जे व्हायचं ते झालं. जो आधी आला त्याने मोक्याची जागा धरली. डक्टवाला आधी आला. मी आलो तेव्हा माझ्या लाइनीच्या आडवा डक्ट. मी सांगितलं, उतार मोडून लाइन टाकणार नाही, सहा महिन्यांत तुंबेल आणि फोन मलाच येईल. तीन-चार दिवस काम बंद. शेवटी डक्टवाल्याच्या माणसांनी डक्ट बीममधून न्यायचा ठरवला. कोणी ठरवलं हे अजून कुणी कबूल करत नाही. रात्री कोर कटिंगचं मशीन आणलं आणि कॉलमपासून हातभर अंतरावर बीमला एकाला एक लागून भोकं पाडली. सकाळी मी गेलो तेव्हा खाली पाण्याचा राखाडी चिखल पसरलेला आणि त्यात काँक्रीटचे गोल तुकडे पडलेले. एक उचलून बघितला. त्याच्या अंगात सळईचा काप होता, ताजा, आरशासारखा चकचकीत. शेजारी सळयांभोवती बांधतात त्या रिंगेचाही एक तुकडा.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीममध्ये भोक पाडायची सगळ्यात वाईट जागा कॉलमजवळची. तिथे ताण जास्त असतो, म्हणून भूकंपाचा विचार करून केलेल्या डिझाइनमध्ये कॉलमपासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत रिंगा जवळजवळ बांधतात. १३९२० नंबरच्या आयएस कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, ते लिहिलेलं आहे आणि आमचा सेंट्रिंगचा मुकादम कोड न वाचता ते पाळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का सोलापुरात ज्यांनी अंथरुणात अनुभवला त्यांना रिंगा कशाला असतात हे समजावून सांगायला नको.

आरसीसी कन्सल्टंट आले, डोक्याला हात लावला, दोन बाजूंनी लोखंडी प्लेटा आणि बोल्ट मारून बीम सावरला. खर्च झाला. आता खरी गोष्ट ऐका. तो खर्च कुणाच्या खात्यात पडला? थोडा डक्टवाल्याच्या बिलातून कापला, थोडा माझ्या बिलातून 'कामाला उशीर' म्हणून, वायरमनने ट्रे दोनदा खोलून बसवला त्याचे त्याला काही मिळाले नाहीत. मालकाच्या हिशेबात या सगळ्या भानगडीची एक ओळसुद्धा नाही.

सोलापुरात हे मॉडेल कुणी मागत नाही त्याचं कारण नेमकं इथे आहे, असं माझं मत आहे. लोक म्हणतात सॉफ्टवेअर महाग आहे, माणसं मिळत नाहीत, आपलं गाव लहान आहे. सगळं थोडंथोडं खरं. पण मूळ कारण म्हणजे आमच्या धंद्यात वायरमनला पॉइंटच्या हिशेबाने पैसे मिळतात, मला टॉयलेट-बाथरूमच्या हिशेबाने, बाकीच्यांना एकरकमी. एकदा केलेलं काम तोडून पुन्हा केलं तरी पॉइंट तेवढेच, बाथरूम तेवढंच. तोडफोडीची किंमत शेवटच्या माणसाच्या खिशातून जाते आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याला ती दिसतच नाही. जी किंमत दिसत नाही ती वाचवायला कोण पैसे खर्च करेल?

आता मला हे मॉडेल कुठून कळलं ते सांगतो. माझी पुतणी इथल्याच पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा, पुढे डिग्री करून पुण्याला नोकरीला आहे. बरीच वर्षं घरात आम्हाला एवढंच माहीत होतं की ती 'कंप्युटरवर बिल्डिंगचं काहीतरी' करते. दिवाळीत आली तेव्हा लॅपटॉप उघडून बसली होती, मी मागून बघितलं तर स्क्रीनवर ड्रेनेजची लाइन! परदेशातल्या कुठल्याशा हॉस्पिटलचा तळमजला. लाल रंगात एक पाइप आणि हिरव्यात डक्ट, एकमेकांत घुसलेले. ती म्हणाली, "काका, रोज हेच करते. कुणाचं काय कुठे आदळतंय ते शोधायचं, मग प्रत्येकाला कळवायचं, मग कुणी हलायचं ते ठरवायचं." मी विचारलं, आणि हे सगळं बांधायच्या आधी? ती हसली. म्हणाली, "बांधल्यावर कशाला कुणी पैसे देईल?"

म्हणजे सोलापूरची पोरं पुण्यात बसून परदेशातल्या दवाखान्यांचे पाइप सोडवतात आणि त्यांचे काका इथे मशीनने फोडलेले बीम बघतात.

तिने सांगितलेलं थोडं लिहितो, कारण हे काही कालचं फॅड नाही. चार्ल्स ईस्टमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७० च्या दशकातच इमारतीचं वर्णन रेघांऐवजी वस्तूंनी करायची पद्धत मांडली होती. म्हणजे कंप्युटरला 'ही रेघ' असं न सांगता 'हा दरवाजा, एवढा रुंद, या भिंतीत' असं सांगायचं. १९८४ मध्ये हंगेरीतल्या एका कंपनीने आर्किकॅड या अशाच सॉफ्टवेअरची सुरुवात केली. २००० मध्ये रेव्हिट हे दुसरं सॉफ्टवेअर आलं, ते २००२ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने विकत घेतलं. सिंगापूरने २०१५ पासून ५,००० चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींचे नकाशे परवानगीसाठी याच रूपात मागायला सुरुवात केली. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ते सक्तीचं केलं. माहिती कुणी कुणाला कशी द्यायची याचं आयएसओ १९६५० हे जागतिक मानक २०१८ मध्ये निघालं. आणि फार लांब कशाला, आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून काम केलं. त्याला ते ५-डी म्हणतात. तेव्हा 'हे आपल्याकडे चालत नाही' हे आता म्हणू नये.

त्यानंतर एका डॉक्टर दांपत्याचं काम निघालं. खाली छोटं प्रसूतिगृह, वर स्वतःचं घर. आधीच्या रुग्णालयात काय झालं ते त्यांच्या कानावर होतं. मी म्हटलं, एकदा मॉडेल करून बघू. डॉक्टरबाईंनी पुतणीला रीतसर फी दिली, हे मुद्दाम लिहितो. आणि मुख्य म्हणजे वायरमन, एसीवाला आणि मी, तिघांचीही नेमणूक पाया खोदायच्या आधी झाली. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं.

पहिल्या बैठकीला त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. पुतणीने मॉडेल आडवं कापून फिरवलं आणि थांबली. वरच्या घरातल्या मुलांच्या खोलीचं बाथरूम बरोबर खालच्या ऑपरेशन थिएटरवर येत होतं. संडासची लाइन थिएटरच्या सीलिंगमधून जात होती. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "माझ्या टेबलावरून संडासची लाइन?" आर्किटेक्टसाहेब म्हणाले, प्लॅनवर दिसत होतं की. दिसत होतं, पण वरचा मजला एका शीटवर आणि खालचा दुसऱ्या. बाथरूम आणि कपाटाची जागा अदलाबदल केली. वीस मिनिटं लागली, खर्च शून्य. स्लॅब पडल्यावर हेच निघालं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब वाचकांनी करावा.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावातली. इथे रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येकाला जमिनीत मोठी टाकी लागते. शिवाय बोअरचं पाणी वेगळं, नळाचं वेगळं, दोन टाक्या, दोन पंप, दोन लाइनी. पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्टला हे सांगूनही पटत नाही. टाकी आर्किटेक्टच्या शीटवर चौकोन म्हणून असते आणि कॉलमचा फुटिंग, म्हणजे पाया, आरसीसीच्या शीटवर चौकोन म्हणून. दोन्ही चौकोन शेजारी-शेजारी, वरून बघितलं तर सगळं ठीक. मॉडेलमध्ये जमिनीखाली गेलो तर फुटिंगचा पसरलेला पाय टाकीच्या भिंतीखालून आत आलेला. एरवी हे खोदल्यावर कळतं, जेसीबीचं भाडं चालू असतं आणि मग टाकी लहान होते. सोलापुरात टाकी लहान होणं म्हणजे काय, हे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला विचारा.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंप्युटर टकरी शोधतो, पण शोधतो म्हणजे काय? पहिल्यांदा चालवला तेव्हा शेकडो टकरींची यादी आली. पाइप स्वतःच्या क्लॅम्पला लागला, ही पण टक्कर. वायरची नळी विटेच्या भिंतीतून गेली, ही पण टक्कर. अहो, ती भिंतीतूनच जायची असते! पुतणीने तासभर बसून भुसा पाखडला तेव्हा खऱ्या हातावर मोजण्याइतक्या उरल्या. काही टकरी तर कशालाही न लागणाऱ्या असतात, जागा अडवणाऱ्या. व्हॉल्व्ह बसतो पण फिरवायला हात जात नाही. पंप बसतो पण जळाला की बाहेर काढायला भिंत फोडावी लागते. हे कंप्युटरला आधी सांगून ठेवलं तर तो शोधतो, आणि सांगणार कोण? ज्याने असा पंप काढलेला आहे तो.

त्या बैठकीत सेंट्रिंगचा मुकादमही बसला होता. माणूस कर्नाटकातल्या इंडीकडचा, बोलणं निम्मं कानडी. आमच्या साइटवर तशा चार भाषा चालतात. मुकादम कानडी, गवंडी घरी तेलुगू बोलणारा, मी मराठी, फरशीवाले हिंदी आणि ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत, ज्या कुणीच वाचत नाही. शीट दाखवली की मुकादम नुसती मान डोलवतो, हे मला ठाऊक आहे. इथे मात्र तो टीव्हीजवळ गेला, कॉलमला लागून ओळीने ठेवलेल्या चार स्लीव्हवर, म्हणजे पाइप जायला काँक्रीटमध्ये सोडायच्या नळ्यांवर, बोट ठेवून म्हणाला, "इल्ली नीडल जाणार नाही, मालक." म्हणजे व्हायब्रेटरची सुई तिथे शिरायला जागा नाही, काँक्रीट बसणार नाही, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं राहतील. सॉफ्टवेअरने त्या जागेला पास केलं होतं, कारण कुणी कुणाला लागत नव्हतं. आरसीसीवाल्या साहेबांनी लगेच दोन स्लीव्ह पलीकडे घेतल्या आणि भोवती जादा सळई दिली. एवढ्या एका वाक्यासाठी त्या माणसाची त्या दिवसाची हजेरी डॉक्टरांनी भरली, ती फुकट गेली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी वायरमनला विजेचा बोर्ड दुसऱ्या भिंतीवर घ्यायला सांगितला. त्याने नळ्या हलवल्या, कुणाला कळवलं नाही आणि मॉडेल तिथे खोटं ठरलं. एक कॉलम सेंट्रिंगमध्ये दीड इंच सरकला. मॉडेलमध्ये तो जागेवरच उभा होता, त्याच्या भरवशावर एसीवाल्याने माप देऊन डक्ट कापून आणला आणि तो घासून बसवावा लागला. पुतणी पुण्यात, तिला वेळ मिळणार रविवारी. प्रत्येक स्लॅब उतरल्यावर कुणीतरी टेप लावून खरी मापं घेऊन मॉडेल दुरुस्त केलं नाही, तर पंधरा दिवसांत ते जाहिरातीतल्या चित्राइतकंच कामाचं राहतं. साइट इंजिनिअरचं हे रोजचं काम असायला पाहिजे आणि त्याला त्यासाठी मोकळा वेळ हवा. एरवी तो बिचारा सिमेंटच्या गोण्या मोजण्यात असतो.

जुने बिल्डर मला म्हणतात, इतकी वर्षं बांधतोय, मॉडेलवाचून काय अडलं? त्यांना एवढंच विचारतो की पूर्वीच्या घरात काय होतं? दोन नळ, एक गिझर, खोलीत एक पंखा आणि एक ट्यूब. आता त्याच सहा इंची भिंतीत एसीची कॉपर आणि पाणी जायची लाइन, सोलरची गरम लाइन, आरओ, इन्व्हर्टर, कॅमेरा, इंटरनेट आणि वर दोन पाण्यांच्या दोन लाइनी. आपल्या गावात चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग जकार्डचे पत्ते पाडतात आणि मगच माग चालू होतो. सूत चढल्यावर नक्षी ठरवणारा कारखानदार मी बघितलेला नाही. त्याच गावात स्लॅब पडल्यावर पाइप कुठून न्यायचा ते ठरतं.

महागाचं म्हणाल तर सगळी इमारत बारीक तपशिलाने काढायची गरज नाही. चार मजल्यांच्या साध्या बिल्डिंगमध्ये भांडणाच्या जागा ठरलेल्या असतात. बाथरूमचे सखल स्लॅब, पाइप जायचे उभे डक्ट, जिन्याजवळचा मीटरचा कोपरा, पंपरूम, जमिनीतली टाकी आणि पार्किंगचं छत, तेवढंच करा. बेडरूम सोडून द्या. बनवायला फ्रीकॅडसारखं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली मॉडेलं एकत्र आणायला आयएफसी नावाचा खुला फॉरमॅट आहे, आणि नुसतं बघायला मोबाइलवर फुकट चालणारे व्ह्यूअर आहेत. माझा बावीस वर्षांचा हेल्पर आता पाइपचा तुकडा कापायच्या आधी मोबाइल काढून मॉडेल वळवून बघतो. मला चष्मा लावूनही त्याच्याइतकं पटकन जमत नाही.

माझं मागणं महापालिका, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला आहे. खासगी मालकाला आपल्याकडे कुणी सक्ती करत नाही, पण सरकारी टेंडर करू शकतं, आणि आपला सोलापूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत निवडला गेला होता. इथे दवाखाना, शाळा, वसतिगृह, नाट्यगृह अशी जी इमारत सरकारी पैशातून उठेल तिच्या टेंडरमध्ये आरसीसी, पाणी-ड्रेनेज, वीज, एसी आणि फायर यांचं एकत्र मॉडेल मागावं, पहिला स्लॅब पडायच्या आधी. हे लिहून भागणार नाही, हे मला माहीत आहे. ठेकेदार पुण्याहून एक फाइल करून आणेल, पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवेल, बिल काढेल आणि साइटवर भोकं पाडणं चालूच राहील. म्हणून खरी अट दुसरी आहे. पाणी, वीज, एसी, फायर यांचे पोटठेकेदार आरसीसीचं काम सुरू व्हायच्या आधी नेमलेले असावेत, प्रत्येक स्लॅबच्या आधी त्यांना आणि सेंट्रिंगच्या मुकादमाला एकत्र बसवून मॉडेलवर सह्या घ्याव्यात, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे टेंडरच्या दरात धरलेले असावेत. सही झाल्यावर जो आपली लाइन हलवेल त्याने बाकीच्यांच्या तोडफोडीचा खर्च द्यावा. हे एक कलम घातलं की किंमत आपोआप दिसायला लागेल. स्लॅब झाल्यावर आरसीसी कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय बीमला कोर मारणाऱ्याचं बिल थांबवावं, ही तर मॉडेल नसलं तरी आज लागू करता येणारी गोष्ट आहे.

काम पुरं झाल्यावर दुरुस्त केलेलं मॉडेल देखभालीच्या माणसाकडे द्यावं, वरच्या साहेबांच्या कपाटात नको. सरकारी इमारतीत गळती झाली की आम्हाला बोलावतात आणि व्हॉल्व्ह कुठे आहे हे सांगणारा एकही माणूस जागेवर नसतो. मग अंदाजाने भिंत फोडायची.

आयटीआयच्या प्लंबर-वायरमनच्या पोरांना मॉडेल उघडून, कापून, माप काढायला शिकवावं. बनवायला नाही शिकवलं तरी चालेल. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना ते बनवता यायला हवं, पण त्यांनी सुट्टीत महिनाभर आमच्याबरोबर साइटवर यावं. संडासच्या लाइनीला किती उतार लागतो हे त्यांना हाताने बसवल्याशिवाय कळणार नाही, आणि आमच्या पोरांना त्यांच्याकडून स्क्रीन शिकता येईल.

आम्ही काही प्लंबर, वायरमन आणि एसीवाले आपसात बोललो आहोत. गावातल्या पुढच्या कुठल्याही सरकारी शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कामाला पहिल्या बैठकीसाठी अर्धा दिवस बिनपैशाने यायची आमची तयारी आहे. पुतणीने तिच्यासारख्या दोघी-तिघींचे नंबर देऊन ठेवले आहेत, त्या रविवारी सोलापुरात येऊ शकतात. ज्या खात्याला पाहिजे असेल त्याने आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, माझा पत्ता आपल्याकडे आहे. फक्त पायाची खोदाई सुरू व्हायच्या आत कळवावं.

नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याकडेच उद्या बिल मागायला जायचं आहे.

आपला,
एक प्लंबिंग ठेकेदार,
जुळे सोलापूर